शिडीखालचे हात

रविवारी दुपारी अग्निशमन प्रशिक्षण केंद्राच्या मेसमधल्या टीव्हीवर एक सिनेमा लागला आणि त्यात वैजयंता कोळपे येत्या शनिवारी शिडीवरून पडली. नाव तिचंच, तोंड तिचंच, गणवेशावरचा एकशे चौदा नंबरही तिचाच. तीसच्या तीस प्रशिक्षणार्थींनी आमटीभात खात तो शेवटपर्यंत पाहिला. कुणाला काही नवल वाटलं नाही. आचारी म्हणाला, गाणी बरी नाहीत.

नवल सोडा, पण सिनेमा तरी धड असावा की नाही? दोन प्रशिक्षणार्थी, सहा महिने पहिल्या नंबरावरून एकमेकांशी खुन्नस. इथवर ठीक होतं. मग परीक्षेच्या दिवशी पोरगी शिडीवरून पडते, तो पुष्कर देशमाने तिला अलगद झेलतो, आणि ही बया त्याच्या डोळ्यांत बघून सहा महिन्यांची मेहनत विसरते. पहिला नंबर त्याला. शेवटी तो बंबावर बसून आगीवर जातो आणि ही दारात उभी राहून त्याच्या हातात डबा देते. म्हणते काय, "तू जिंकलास म्हणजे मीच जिंकले." वैजयंताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. असलं वाक्य ती जन्मात बोलली नसती.

पहिल्या नंबराला आपल्या गावचं अग्निशमन केंद्र मागून घेता येत असे, आणि तिला तेच हवं होतं. तीन वर्षांपूर्वी तिच्या गावात कापडाच्या दुकानाला आग लागली तेव्हा वरच्या खोलीत तिची मावशी अडकली होती. बंब आला, बंबावर शिडी होती, पण चढणारं कुणी नव्हतं. खाली चाळीस माणसं हात पसरून "उडी मारा, आम्ही झेलतो" म्हणाली. मावशीने उडी मारली. त्या सगळ्या हातांमधून ती सरळ जमिनीवर आली, आणि तेव्हापासून ती काठी घेऊन चालते.

"मी नाही लिहिला तो," पुष्कर हात धुताना म्हणाला. शिडीवर तो तिच्याहून दोन सेकंद मागे होता, पण गाठी मारण्यात पुढे. "तसा अगदीच वाईट नव्हता म्हणा."

"तुला काय वाईट वाटायचंय? डबा तुला मिळाला."

सोमवारपासून ती पुष्करच्या चार पावलांत आली की वारा सुटू लागला. भरती होतानाच तिने केस कानापर्यंत कापले होते, ते दुपारी सिनेमातल्यासारखे कमरेला टेकले. कात्री लावली तर संध्याकाळी परत तेवढेच.

"कोळपे, केस आवरा," खरात सर म्हणाले. शिडी शिकवायचे तेच.

"सर, हे माझे नाहीत."

"ज्याच्या डोक्यावर, त्याने आवरायचे."

बुधवारी कवायतीचं मैदान अरुंद झालं. सकाळी इकडच्या भिंतीपासून तिकडच्या भिंतीपर्यंत दोनशे पावलं होती, दुपारी साठ भरली. पुष्कर आणि ती सोडून बाकीचे धूसर झाले. कोण कुठे उभं आहे ते कळायचं, तोंडं दिसायची नाहीत. शेजारच्या खाटेवरची नसरीन आहे की नाही, ते तिच्या खोकल्यावरून ओळखावं लागे.

शिडीच्या कामात एक गोष्ट पहिल्याच दिवशी शिकवतात. एक चढतो, एक खाली पाया धरतो. चढलेला माणूस उतरून जमिनीला लागेपर्यंत पाया धरणाऱ्याने हात सोडायचे नाहीत, मग नाकावर माशी बसो की डोळ्यांत धूर जावो. परीक्षेत पाया धरायला पुढचा नंबर येतो. एकशे पंधरा पुष्कर होता.

"सर, मला दुसरी जोडी द्या," ती गुरुवारी म्हणाली.

"जोडी ठरली आहे."

"कुणी ठरवली?"

"रविवारी दाखवलं की," सर म्हणाले. तेही आता धूसर झाले होते.

शुक्रवारी मावशीचा फोन आला. "बघितला गं सिनेमा. पडतेस तू त्यात."

"मी पडणार नाही, मावशी."

"झेलतो मात्र छान हो पोरगा. आमच्या शेजारणीला रडू आलं."

"तू तरी असं बोलू नकोस."

मावशी म्हणाली, "खरंय बाई. मलाही झेलणारच होते."

शनिवारी मैदानात मनोरा, शिडी आणि एक माणूस उभा राहील एवढीच जागा उरली. त्या जागेत पुष्कर उभा होता. मनोऱ्याच्या टोकाला घंटा होती. ती वाजवायची आणि उतरायचं, एवढीच परीक्षा. वैजयंता चढू लागली. तिसऱ्या मजल्याशी भिंतीतून सनई सुरू झाली, आणि तिने खाली पाहिलं. पुष्करचा एक हात शिडीवर नव्हता.

"देशमाने, शिडी धर."

"धरली असती. पण तू आता पडणार ना? मग हात मोकळे नकोत का?"

"तू सोडलीस तर पडेन."

"तेच म्हणतोय मी."

"अरे गाढवा, सहा महिने काय शिकलास?"

त्याला वाईट वाटलेलं दिसलं. त्याने दुसराही हात सोडला आणि दोन्ही पसरले, अगदी सिनेमातल्यासारखे.

शिडी भिंतीपासून सुटली, पण सावकाश. सिनेमात ते पडणं सव्वातीन मिनिटं चाललं होतं, मध्ये एक आख्खं कडवं होतं. वैजयंताने हिशेब केला. सव्वातीन मिनिटांत ती दोन मनोरे चढत असे. मग ती चढतच राहिली. केस तोंडावर येत होते, ते तिने दातांत धरले. दर पायरीला शिडी बोटभर मागे झुकायची, आणि वर एक पायरी वाढायची. तीही ती चढायची.

कडवं संपत आलं. घंटेची दोरी तिच्या बोटांच्या टोकांना लागत होती. खाली हळूहळू सगळे स्पष्ट झाले, नसरीन, आचारी, खरात सर, सगळी बॅच, आणि एकेकाने पुष्करच्या शेजारी येऊन हात पसरले. शिडीला कुणाचाही हात नव्हता.