निजलेल्या ग्रंथीची कैफियत

वाटिसोनीने मागणे घातले आणि ओसरीवरचे बोलणे एकाएकी थांबले. यांगोनाने, सुस्ती आणणाऱ्या मुळांच्या पेयाने, भरलेली करवंटी केलेपीच्या हातात तशीच राहिली. वाटिसोनी त्याचा मामेभाऊ. त्या नात्यात थट्टेला मर्यादा नसते, आणि मागण्यालाही नसते. आमच्या बेटावर आप्ताने ‘केरेकेरे’ म्हणून हात पुढे केला की नकार देता येत नाही. जाळे द्यावे लागते, होडी द्यावी लागते, अंगातला सदराही काढून द्यावा लागतो. त्या दिवशी मात्र वाटिसोनीने केलेपीच्या गोळ्या मागितल्या होत्या.

“अरे फुग्या माशा, गप्प का झालास? तुझी बायको मागितली का मी?” वाटिसोनी म्हणाला. त्याच्या पायाचा अंगठा सुजून लालबुंद झाला होता. “परवा एक दिलीस आणि मी उठून चालायला लागलो की! देवळाच्या सणाला नाच बसवायचाय मला. लंगडत शिकवू? दे ना रे ती डबी.”

केलेपी हसला. ते हसू ओठांवरचे होते. रक्तातून मला जे कळले, ते हसू नव्हते.

मित्रांनो, केलेपीच्या डाव्या मूत्रपिंडाच्या माथ्यावर टोपीसारखी बसलेली मी एक जुनी, सुकलेली ग्रंथी आहे. अधिवृक्क हे माझे पुस्तकातले नाव. उजवीकडे माझी जुळी बहीण आहे. तिची माझी भेट कधी झाली नाही. मला डोळे नाहीत. केलेपी पाहतो ते जग माझ्यापर्यंत पोहोचते ते रक्ताच्या लाटांतून आणि हाडांतून झिरपणाऱ्या आवाजांतून.

आईच्या गर्भाच्या काळोखात मी घडले. केलेपी जन्मला तेव्हा त्याच्या इवल्याशा देहात मी केवढी तरी मोठी होते. पुढे आकसून बेतात आले. माझा गाभा वेगळा आणि माझी साल वेगळी. गाभ्यातून भयाची ठिणगी उडते. सालीतून पाझरते ते दिवस पेलण्याचे बळ. सकाळी अंथरुणातून उठणे, उपाशीपोटी वल्हे मारणे, ताप आला तरी तग धरणे, अपमान गिळून शांत राहणे ही सारी कामे त्या बळावर चालतात. मी स्वतंत्र मात्र नाही. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी बसलेली असते. तिचा निरोप रक्तातून आला की मी पाझरते. निरोप नसेल तर मी मुकी.

माझे उमेदीचे दिवस समुद्रावर गेले. एकदा प्रवाळाच्या बांधापलीकडे होडी उलटली. त्या क्षणी मी माझे सर्वस्व रक्तात ओतले. केलेपीचे हृदय ढोलासारखे वाजू लागले, त्याच्या वेदना बधिर झाल्या, आणि गटांगळ्या खाणाऱ्या वाटिसोनीला पाठीवर घेऊन तो किनाऱ्याला लागला. गावाने त्याला खांद्यावर घेतले. माझे नाव कुणाला ठाऊकच नव्हते. त्याचे मला वैषम्य नाही. मुळे फुलांकडे कधी हिशेब मागत नाहीत.

मग दमा आला. रात्रंदिवस छातीत शिट्या वाजू लागल्या. मोठ्या बेटावरच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. त्या गोळीत माझ्याच रसाची हुबेहूब नक्कल होती. श्वास मोकळा झाला. ते खोटे म्हणता येणार नाही. पण रक्त आयतेच भरलेले पाहून पीयूषिकेने मला निरोप धाडणे सोडले. आधी मला विसावा वाटला, मग पेंग आली, आणि मग, मित्रांनो, वर्षे उलटली. न वाहणाऱ्या झऱ्यासारखी माझी साल आटत गेली.

केलेपीही पालटला. चेहरा वाटोळा झाला, भूक अनावर झाली, झोप उडाली. मेंदूवर त्या परक्या रसाचा अंमल असा की क्षुल्लक गोष्टीने त्याचे टाळके फिरे. शिजवलेला कसाव्याचा कंद जरा कच्चा राहिला म्हणून त्याने वासितीवर, आपल्या बायकोवर, प्रथमच आवाज चढवला. मग परसात जाऊन रडला. लोक म्हणाले, शहरातल्या औषधाने माजला. तो माजला नव्हता.

“ही गोळी एकदम बंद करायची नाही,” डॉक्टरांनी बजावले होते. केलेपीने मान हलवली होती. का बंद करायची नाही, हे त्याने विचारले नाही, आणि आत कुणीतरी निजले आहे, हे त्याला कुणी सांगितले नाही.

म्हणून त्या ओसरीवर त्याने करवंटी खाली ठेवली, आत गेला आणि सगळी डबी मामेभावाच्या हातात ठेवली. येत्या बोटीने नव्या गोळ्या येतील, असा त्याचा अदमास होता. वासितीला त्याने सांगितले नाही. सांगितले असते तर तिने त्या परत मागितल्या असत्या, आणि दिलेले परत मागणे ही आमच्याकडे नात्याची विटंबना. रोज सकाळी तो तिच्यादेखत हात तोंडाशी नेई आणि नुसतेच पाणी पिई.

समुद्र खवळला. बोट आली नाही.

रक्तातली नक्कल ओसरली तेव्हा पीयूषिका जागी झाली. तिची हाक माझ्यापर्यंत आली. क्षीण, मग अधिक क्षीण. मी उठायचा यत्न केला. कोरडी विहीर कितीही खरवडली तरी पोहरा रिताच वर येतो. केलेपीचे सांधे दुखू लागले, अन्न नकोसे झाले, उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली. तो भिंतीकडे तोंड करून पडून राही.

“बसा अजून रात्र रात्र यांगोना ढोसत!” वासिती चिडून म्हणाली. “अंगाची नुसती चटई झालीय तुमच्या. नारळ काय मी चढून काढू?”

सुस्तावलेल्या पुरुषाला आमच्या बेटावर एकच कारण असते, आणि तेच सगळ्यांनी धरले.

वाटिसोनी एकदा डोकावला. वासिती खेकडे पकडायला गेली होती.

“काय रे फुग्या, हवा गेली की तुझी!”

“गोळ्या उरल्यात का रे थोड्या?” केलेपीने चाचरत विचारले. हे परत मागणे नव्हते, निदान त्याने तसा आव आणला.

“कुठल्या उरायला? माझा अंगठा बरा झालेला सगळ्यांनी बघितला ना! काकाने मागितल्या, त्याच्या सुनेने मागितल्या, मग त्या सुताराने. मी तरी कुणाला नाही म्हणू? डबीत आता गळ ठेवतो मी. तुझी बोट येईल की.”

दोघेही हसले. केलेपीचे हसणे खोकल्यात विरले.

त्यानंतर कसाबसा उठून तो उथळ पाण्यात जाळे टाकायला गेला आणि प्रवाळाने त्याचा तळपाय कापला. जखम चिघळली, ताप भरला. मित्रांनो, एरवी अशा वेळी मी दुपटीने पाझरते. त्या दिवशी गाभ्यातून भय तेवढे उसळले. ते पेलायला बळ नव्हते. नाडी दोऱ्यासारखी झाली. त्याला ओकाऱ्या सुटल्या. नर्स अलुमिता धावत आली. तिने त्याच्या दंडावरची पातळ, काळीनिळी कातडी पाहिली आणि विचारले, “गोळी कधी बंद केलीत?”

“बंद कुठे? रोज घेतात,” वासिती म्हणाली.

“वाटिसोनीला... दिल्या,” केलेपी पुटपुटला.

अलुमिता खाली बसली. “या माणसाला आत्ता सुई हवी. दवाखान्यातल्या संपल्यात, बोटीबरोबर यायच्यात. गोळ्या तरी आणा. चघळू देत. जिरेल तेवढी जिरेल.”

मित्रांनो, तुमच्या आतही कुणीतरी असे न दिसता राबत असेल. तुमच्या घरात कुणी रोज अशी गोळी घेत असेल, तर ती कुणाला देऊ नका, आपल्या मनाने सोडू नका. आणि एखादा माणूस भिंतीकडे वळून पडला तर त्याला आळशी म्हणण्याआधी त्याच्या आत कोण हाक मारते आहे, हे एकदा विचारा. मला बोलता आले असते तर मी हे केलेपीला सांगितले असते.

वाटिसोनी आला. जमिनीच्या फळ्यांतून त्याची पावले केलेपीच्या पाठीत आणि पाठीतून माझ्यात उतरली. वासितीने पदर पसरावा तसे दोन्ही हात पुढे केले.

“भाऊजी, दिलेलं परत मागू नये, ठाऊक आहे मला. तरी मागतेय. मला निर्लज्ज म्हणा, पण त्यांच्या गोळ्या द्या. दोन द्या. एक द्या.”

वाटिसोनीची पावले जागच्या जागी घुटमळली.

“भाऊजी, डबी कुठंय?”

डबीत आता गळ होते, हे तिला ठाऊक नव्हते. फळी करकरली. पावले दाराकडे वळली, पायऱ्या उतरली आणि वाळूत गेली. वाळूतला आवाज माझ्यापर्यंत पोहोचत नाही.