सहावा पाय

चित्रवर्गाच्या बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "नमुन्याला हात लावलात, तर वर्गातून नाव कमी. आणि माहीत आहे ते काढू नका, दिसतं ते काढा."

निवृत्त ग्रंथपालकाकांचा या वर्गावर भारी जीव. तरीही आज सगळ्यांच्या आधी येऊन त्यांनी मेजावरचा वाळलेला भुंगा भिंगाखाली जरासा सरकवला आणि त्याचा एक पाय मोडला. मोडलेला पाय कुठे उडाला तेही कळेना. तेवढ्यात बाकीचे आले, मेजाभोवती बसले. काकांनी दिसला तसा पाच पायांचा भुंगा काढला.

बाईंनी वह्या पाहिल्या. "सगळ्यांचे सहा पाय! अहो, भुंग्याकडे बघितलंत तरी का? शाब्बास काका, तुम्ही एकट्यांनीच बघितलंत."

काकांचे कान लाल झाले. "छे हो बाई, तसं काही नाही..."

बाई खाली वाकल्या. काकांच्या स्वेटरच्या बाहीला अडकलेलं काहीतरी त्यांनी चिमट्याने अलगद उचललं, त्यांच्या वहीवर ठेवलं आणि हळूच म्हणाल्या, "आता हाही काढा, दहापट मोठा. आणि उद्यापासून माझ्या आधी येऊ नका."