टिंब काढलेले प्रश्न

फोन आला तेव्हा मी एका कपाटाच्या दाराला बिजागरी बसवत होतो. सकाळचे अकरा वाजले असतील. पलीकडून मोठ्या बाई बोलत होत्या. माझी बायको ज्या इस्पितळात कामाला होती, तिथल्या तिच्या वरिष्ठ. म्हणाल्या, "लगेच या. एकटे येऊ नका, कुणाला तरी बरोबर घ्या." एवढ्यावरून मला कळलं. तरी मी उरलेले दोन स्क्रू पिळले आणि मग निघालो. का पिळले, ते आजही सांगता येत नाही.

कामाच्या टेबलाशी उभी असतानाच ती कोसळली होती. मेंदूतली नस फुटली म्हणाले. वय एक्केचाळीस.

तिचं काम ऑपरेशनच्या अवजारांचं. ती धुवायची, मोजायची, ट्रेमध्ये लावायची आणि वाफेच्या यंत्रात घालायची. अकरा वर्षं ती हे करत होती, पण ट्रेवरच्या चिठ्ठीवर सही मोठ्या बाईंची. सही करायला प्रमाणपत्र लागतं आणि प्रमाणपत्राला परीक्षा. "स्वयंपाक माझा आणि कौतुक जाऊबाईंचं," ती म्हणायची. हसून म्हणायची, पण तिला ते लागत होतं. एका तरी चिठ्ठीवर तिला स्वतःची सही करायची होती.

पहिल्यांदा ती परीक्षेला बसली ती माझ्या सांगण्यावरून. "तुला सगळं येतं, भर फॉर्म," मी म्हणालो. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. ती दोन गुणांनी नापास झाली. आठ दिवस घरात धड बोलली नाही. बोलली तेव्हा म्हणाली, "आता मी तयार आहे की नाही, ते तुम्ही तोंडाने सांगायचं नाही. पेपर सांगेल."

मग तिने नियम केला. पास व्हायला शंभरात सत्तर लागतात, पण परीक्षेच्या खोलीत तिचे हातपाय गार पडायचे, म्हणून घरी ऐंशी हवेत. तेही सलग तीन सराव पेपरांत. मगच फॉर्म. उत्तरसूची माझ्या खणात, म्हणजे तिला डोकावायचा मोह नको. जे उत्तर अंदाजाने लिहिलं, त्याच्यापुढे ती पेन्सिलीने टिंब काढायची. पेपर मी तपासायचा आणि चुकलेल्या प्रश्नांचे क्रमांक तिला सांगायचे.

मी सुतार आहे. फळी कापताना दोन सूत जास्त ठेवतो, रंधा मारायला. तिच्या बाबतीतही मी तेच केलं. टिंब असलेलं उत्तर बरोबर आलं तरी मी चूक धरायचो. तिला हे सांगितलं नाही. मला वाटायचं, अंदाजाने आज घरी जमलं, परीक्षेत जमेलच असं नाही. आणि ते आठ दिवस मला घरात पुन्हा नको होते.

एकदा ती पुस्तक घेऊन आली. "अहो, बेचाळिसावा माझा बरोबर दिसतोय."

"उत्तरसूचीत तसं नाही."

"दाखवा बघू."

"सूची बघायची नाही, हा नियम कुणी केला?"

"मीच. सुताराला मास्तर केलं, आता भोगतेय," ती म्हणाली आणि पुस्तक घेऊन परत आत गेली. तेव्हा मी बोलायला हवं होतं.

गेल्या वर्षी तिला सलग तीनदा ऐंशीच्या वर पडले. त्र्याऐंशी, ब्याऐंशी, शहाऐंशी. मी सांगितले अठ्ठ्याहत्तर, एकोणऐंशी, ऐंशी. "थोडक्यात गेलं," ती म्हणाली आणि पुन्हा पहिल्या धड्यापासून सुरुवात केली. परीक्षा वर्षातून दोनदा होते. दोन्ही वेळा ती घरीच होती.

ती गेल्यावर पंधरा दिवसांनी मोठ्या बाई तिची पिशवी घेऊन आल्या. खुर्चीच्या कडेवर बसल्या.

"एक विचारू? फॉर्म का नाही भरला तिने? दोन वर्षं मी मागे लागले होते. म्हणायची, घरचे परीक्षक कडक आहेत, बाई. ते हो म्हणाले की मी डोळे झाकून जाणार."

मी म्हणालो, "चहा टाकू?"

"नको." त्यांनी पिशवी माझ्यापुढे ठेवली. मग म्हणाल्या, "तुम्ही कडक होतात ते बरंच होतं. तिच्या ट्रेमध्ये मला कधी चूक सापडली नाही."

मी मान हलवली. त्या गेल्या.

पिशवीत चष्मा होता, डबा होता, स्वेटर होता. फॉर्म होता, सगळा भरलेला, फक्त तारीख आणि सही बाकी. आणि एक सराव पेपर, आदल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत सोडवलेला. त्याआधीचे दोन माझ्या मोजणीनेही ऐंशी आणि एक्क्याऐंशी होते. हा तिसरा. मी टिंबं शोधत पानं उलटली. शंभर उत्तरांत एकाहीपुढे टिंब नव्हतं. तिला खरंच सगळं येत होतं, की माझी लबाडी तिला कळली होती, ते आता कुणाला विचारणार.

मोठ्या बाईंना खरं सांगायचं राहिलंय. उत्तरसूची अजून माझ्या खणात आहे, आणि तो पेपर मी अजून तपासलेला नाही.