भागाबाईचं लुगडं

भागाबाईनं कापसाच्या पऱ्हाट्यांच्या निखाऱ्यात हात घालून वांगं पालथं केलं, तेवढ्यात मागे छबूनं पुन्हा सूर लावला. भागाबाईनं वळून पाहिलं नाही. वांग्याची साल फुटली, फस्सकन वाफ निघाली, तिच्याकडेच ती बघत बसली.

"आठे ये वं बेटा, दख ना, होडी दख," झुलालआबा नातीला नदीकडे वळवत होते. तापी आणि पांझरा जिथं मिळतात तिथलं पाणी उन्हात चमकत होतं. छबूला होडी नको होती. सुनंदाच्या मांडीवरून ती सगळी मागे ताणली गेली होती, दोन्ही हात आजीकडे.

"अक्का, मिरची बेतानं हां," हनीफ मुद्दाम मोठ्यानं म्हणाला. "मागच्या रविवारी तुमचं भरीत खाऊन गेलो, तर शेडमध्ये इंजिनाआधी मलाच पाणी भरावं लागलं."

"खाताना हाताला लगाम नव्हता," त्याची बायको शहजादी म्हणाली, "आता मिरचीला नावं."

मगन हसला नाही. एरवी हसायचा.

छबू ही भागाबाईच्या लेकीची, कोकिळेची लेक. कोकिळा बाळंतपणाला माहेरी आली ती पुन्हा भुसावळला गेली नाही. ती गेली, मूल राहिलं. गोठ्यातल्या तांबू गाईच्या दुधावर आणि भागाबाईच्या छातीच्या उबेवर ते वाढलं. जावई मगन भुसावळला इंजिनांच्या शेडमध्ये कामाला. दर रविवारी पॅसेंजरनं लेकीला बघायला यायचा, सोबतीला हनीफ-शहजादीला घेऊन. घरात बसलं की साऱ्यांची नजर छबूच्या पाळण्याच्या दोरीकडे जायची. याच दोरीवर लहानपणी कोकिळाही झुलली होती. म्हणून आबा गाडी जुंपायचे आणि सगळे संगमावर यायचे. भरीत व्हायचं, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी सुटायच्या, छबू वाळूत लोळायची. बघणाऱ्याला वाटावं, काय सुखाचं गणगोत आहे.

आज गाडीत एक माणूस जास्त होतं. सुनंदा अमळनेरची. मूल होत नाही म्हणून पहिल्या घरानं तिला माहेरी आणून सोडलं होतं. भागाबाईनंच तिला जाऊन पाहिलं, मगनच्या मागे लागून लग्न लावून दिलं, आणि कोकिळेच्या जागची लेक म्हणून तिची ओटी भरली. सुनंदा तिला आई म्हणायची. आज छबूला घेऊन ती भुसावळला जाणार होती.

"मला द्या, मी घेते," शहजादीनं छबूला उचललं. छबू तिच्याकडे गप्प झाली. पुन्हा सुनंदाकडे दिली, की पुन्हा तेच. सुनंदानं बांगड्या वाजवल्या, गूळ दिला. शेवटी तिचे हात आपसूक मांडीवर पडले. फुलाफुलांच्या नव्या साडीवर छबूची लाळ आणि गूळ लागला होता. तिनं तो पुसला नाही.

"मला नाही जमणार बहुतेक," ती हळूच म्हणाली. कुणाला म्हणाली ते कळलं नाही.

मगननं खडा उचलून पाण्यात टाकला. "मामी, राहू द्या. अजून काही दिवस ठेवा तुमच्याकडेच. मोठी होईल, समजेल."

आबांनी लगेच मान हलवली. "हां. ऱ्हाऊ दे. आखो धाकली शे ती." त्यांच्या आवाजात आशा होती, आणि ती लपवायचं त्यांना सुचलं नव्हतं.

भागाबाईच्या हातातलं वांगं थांबलं. छबू रांगत आली आणि तिच्या पदरात तोंड खुपसून हुंदके देत निवली. धुराचा, शेणाचा, तिळाच्या तेलाचा तो वास. एक बोट तोंडात, एका मुठीत लुगड्याचा काठ. भागाबाईला फक्त गप्प बसायचं होतं. काही न करता, काही न बोलता नात तिची राहिली असती. कुणी नाव ठेवलं नसतं.

तिनं सुनंदाकडे पाहिलं. सुनंदा वाळूत बोटानं रेघा ओढत होती आणि हातानंच पुसत होती.

पावसाळ्यात तांबूचं वासरू मेलं, तेव्हा तिचा पान्हा आटायला लागला होता. शेजारच्या गोठ्यात एक पोरकं वासरू होतं. तांबू त्याला लाथाडायची. मग आबांनी मेलेल्या वासराचं कातडं पोरक्याच्या पाठीवर बांधलं. तांबूनं हुंगलं, पुन्हा हुंगलं, आणि चाटायला लागली. त्याच दुधावर ते वासरूही जगलं आणि छबूही.

भागाबाई उठली. छबूला शहजादीच्या खांद्यावर दिलं.

"सुनंदा, चाल मनासंगे. बाभळीना मांगे."

"कशाला आई?"

"मनं लुगडं नेस तू. तुनी साडी माले दे."

सुनंदा बघतच राहिली. आबांना मात्र कळलं. ते उठून बैलांकडे गेले आणि बांधलेलेच बैल उगाच पुन्हा बांधू लागले.

बाभळीमागे भागाबाईनं नऊवार सोडलं, सुनंदाला नेसवलं, चोळीसुद्धा बदलली. जन्मात पहिल्यांदा ती पाचवार नेसली. नायलॉन अंगावर ठरेना. निऱ्या खोचता खोचता ती भराभर सांगत होती. "दूध कोमट पाहिजे, ऊन नको. निजतांना कान चोळ. आन् हाई ऐक."

ती अगदी हलक्या आवाजात म्हणाली,

"नीज वं मनी चिमणी, नीज तापीना तीरले,
तुना आबा वेची आने बोंड तुना कुंचीले."

सुनंदानं ओठातल्या ओठात म्हणून पाहिलं. भागाबाईनं तिच्याकडून पुन्हा म्हणवून घेतलं. मग तिच्या डोक्यावर पदर सारखा केला.

"पुढला ऐतवारले येऊ नका. त्याना पुढलालेबी नका. ती माले इसरी, मंग या."

सुनंदाला रडू फुटलं. भागाबाईनं तिच्या तोंडावर हात ठेवला. त्यानंतर ती बोलली नाही. नायलॉनचा पदर तिनं नाकापर्यंत ओढला आणि गाडीच्या मागच्या टोकाला अंग चोरून बसली.

शहजादीनं छबूला सुनंदाच्या मांडीवर ठेवलं. छबूनं ओठ काढले, तोंड उघडलं. मग नाक लुगड्यात घुसलं. तिथंच राहिलं. मूठ चाचपडत काठ शोधू लागली, तिला तो सापडला.

"नीज वं मनी चिमणी," सुनंदा अडखळत म्हणाली.

हनीफच्या ताटातलं भरीत तसंच राहिलं. कुणी मिरचीचं नाव काढलं नाही.

स्टेशनच्या वाटेवर गाडीला धक्का बसला आणि छबू जागी झाली. समोर फुलाफुलांची साडी, ओढलेला पदर, ओळखीची नसलेली बाई. छबू तिच्याकडे टक लावून बघत राहिली. भागाबाईनं पदराचा शेव दातांत घट्ट धरला. छबूचा चेहरा वाकडा झाला, ती भ्याली, आणि वळून सुनंदाच्या छातीत लपली.

आबांनी बैलांना उगाच हाकारा दिला.

पॅसेंजर आली. खिडकीतून सुनंदा म्हणाली, "आई, लुगडं धुऊन ठेवते, पाठवते कुणाबरोबर." भागाबाईनं दोन्ही हात जोरानं हलवले.

"धुवू नको, म्हनी ऱ्हायनी ती," आबांनी सांगितलं.

गाडी हलली. रडण्याचा आवाज येतो का, म्हणून दोघं फलाटावर उभी राहिली. आला नाही.

घरी पोचेस्तोवर दिवस मावळला होता. दोरीवर दुसरं लुगडं वाळत होतं. भागाबाई तशीच चरवी घेऊन गोठ्यात गेली. तांबूनं मान वळवली, साडी हुंगली आणि फुरफुरत बाजूला सरकली. भागाबाई जवळ गेली तशी तिनं पाय झाडला. चरवी घरंगळत दावणीखाली गेली.

"लुगडं बदली ले ना आदी," दारातून आबा म्हणाले.

तिनं ऐकलं नाही. गाईच्या मानेवर हात ठेवला. दुपारपासून दाबून धरलेला आवाज फाटकाच बाहेर आला.

"मी शे वं. मी."

तांबूचे कान हलले. ती जागच्या जागी थांबली, मग जीभ काढून तिचं मनगट चाटू लागली.

"मी शे वं माय. मी शे."

गाईनं ओळखलं होतं. तरी ती सांगतच राहिली.