आईंच्या स्वेटरवरचा डाग

डागाबद्दल लोक इतकं खोटं बोलतात की विचारू नका. कोटावर सरळसरळ दारू सांडलेली असते आणि गिऱ्हाईक म्हणतं, सरबत. लिपस्टिकच्या डागाला तर बहीण, मावशी, आत्या, काय वाट्टेल ते नातं चिकटवतात. मी ड्रायक्लीनच्या दुकानात डाग काढते. टेबलावर कपडा पसरायचा, दिवा खाली ओढायचा, डाग बघायचा, हुंगायचा, बोटानं चाचपायचा आणि मग ठरवायचं की याला काय लावायचं. गिऱ्हाइकाचं ऐकून लावलं तर कपडा वाया जातो. दुकानात मी कुणाचं ऐकत नाही. घरात मात्र ऐकलं.

मुलगी झाली आणि माझं मन कशातच लागेना. मुलगी गुटगुटीत, नवरा भला, सासू जीव लावणारी. रडायला काही कारणच नव्हतं, आणि तरी मी आंघोळीला गेले की नळ सोडून रडत बसायची. नवरा मुलीला गठुडं म्हणायचा. ते गठुडं कुणीतरी माझ्याकडे ठेवायला दिलंय आणि न्यायला येतच नाही, असं मला वाटायचं. हे मी कुणाला सांगितलं नाही. सांगणार कसं?

नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. त्यानंच ओळखलं. म्हणाला, "लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली ना, की आतली माणसं सगळी बटणं दाबत बसतात. त्यानं काही होत नसतं. बाहेरून कुणीतरी यावं लागतं. चल, चप्पल घाल."

डॉक्टरीणबाई फटकळ होत्या, मला आवडल्या. गोळी लिहून देऊन म्हणाल्या, "ही आम्ही अंगावर पाजणाऱ्या बायकांना देतो. दुधात उतरते ती अगदी नावाला. बाळावर आपण लक्ष ठेवूच. पण गोळीही सोडायची नाही आणि पाजणंही सोडायचं नाही. मनानं बंद तर मुळीच करायची नाही. कळलं?" मी मान हलवली, नवऱ्यानं हलवली, बरोबर आलेल्या सासूबाईंनीही हलवली. तीन माना हलल्या, पण पटलं एकट्या नवऱ्याला.

गोळीनं गुण यायला वेळ लागला, पण आला. एका सकाळी मुलीला उचललं आणि तिच्या टाळूचा वास मला आवडला. एवढंच. पण त्या दिवशी आंघोळीला मला नळाचा आवाज लागला नाही.

सासूबाईंना मी आई म्हणते. त्या वाईट असत्या तर बरं झालं असतं, भांडून मोकळी झाले असते. बाळंतपणात त्यांनी माझे पाय चेपलेत, मला गरम गरम वाढून स्वतः शिळं खाल्लंय. त्याच एकदा भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "आम्ही पाजायचो तेव्हा डोकं फुटायला आलं तरी साधी गोळी घेत नव्हतो. आईच्या पोटात जे जातं, तेच लेकराच्या ओठात." आणि लगेच, "तुला नाही हो म्हणत. आपलं सहज."

या 'आपलं सहज'ला औषध नाही. शिवी दिली तर उलटून शिवी तरी देता येते.

मी हिशेब असा मांडला: आई म्हणून मला काहीच धड जमत नाही. गाणी म्हणता येत नाहीत, मुलगी रडली की मीच आधी रडते. तिला द्यायला माझ्याकडे चांगलं असं एकच आहे, ते दूध. तेही गोळीनं नासवायचं? माझं डोकं काय, राहिलं तर राहिलं. मी गोळी सोडली.

नवरा रोज सकाळी पाण्याचा ग्लास घेऊन समोर बसायचा. मी गोळी जिभेखाली धरायची, पाणी प्यायची, जिना उतरताना रुमालात थुंकायची. दुकानात गेले की मागच्या मोरीत टाकून पाणी सोडायची. मी गोळी घेतली की तो हसायचा. इतक्या सरळ माणसाला फसवायला फारशी अक्कल लागत नाही.

एव्हाना मी कामावर परत जायला लागले होते. मागच्या खोलीत लांब कोट टांगलेले असतात, त्यांच्या आड स्टुलावर बसून मी दूध काढायची. बाटली बर्फाच्या डब्यात, संध्याकाळी घरच्या फ्रीजमध्ये, दुसऱ्या दिवशी आई तेच मुलीला पाजणार, असं ठरलं होतं. बाहेर इस्त्रीवाले काका कुणाला मागे येऊ द्यायचे नाहीत. गिऱ्हाइकानं माझ्याबद्दल विचारलं तर म्हणायचे, "मॅडम मीटिंगमध्ये आहेत."

मग सगळं हळूहळू परत आलं. आधी झोप गेली, मग भूक, मग टाळूचा वास. दूध कमी होत गेलं. बाटली अर्धी भरायची, मग पाव, आणि मी कोटांच्या अस्तराकडे बघत बसून राहायची. घरी आल्यावर मुलीला जवळ घ्यावं, तर ती तोंड फिरवायची. पाठीची कमान करायची, मुठी आपटायची. मला खात्रीच पटली, हिला कळलंय. मी कशी आहे ते हिच्याइतकं कुणालाच कळलं नाहीये.

"दिवसभर छान पिते हो तुझं दूध," आई म्हणायच्या. नजर मात्र दुसरीकडे. "आत्ता पोट भरलंय तिचं."

मुलगी बाळसं धरत होती हे खरं. नवरा तिला दोन्ही हातांनी तोलून म्हणायचा, "गठुड्याचं पोतं झालं! बघ तुझ्या दुधाची कमाल." मी हसायची. त्या दिवसांत मी फक्त दुसऱ्यासाठी हसायची. एका दुपारी वाफेच्या यंत्रासमोर उभी असताना अगदी शांतपणे मनात आलं, की मी नसले तर या घरात कुणाचं काही अडणार नाही. त्या विचाराची भीती वाटायला हवी होती. उलट बरं वाटलं.

त्याच सुमारास आईंचा राखाडी लोकरीचा स्वेटर मी दुकानात नेला. त्यांनी दिला नव्हता; खुंटीवर मळलेला दिसला, तेवढंच पुण्य म्हणून पिशवीत टाकला. दिवा खाली ओढला. डाव्या खांद्यावर, पाजून झाल्यावर मुलीचं डोकं टेकतं त्या जागी, पिवळट डाग होता. एक नाही, एकावर एक. लोकर पापडासारखी कडक झालेली.

माझ्या दुधाचे डाग मला पाठ आहेत. माझ्या प्रत्येक झग्यावर ते असतात आणि कोमट पाण्यानं जातात. हा डाग तसा नव्हता. हुंगला, तर गोडसर वास, त्यात पत्र्याची झाक. मी स्वेटर काकांसमोर धरला.

"काका, कशाचा आहे?"

त्यांनी इस्त्री उभी केली, नाक लावलं. "डब्यातल्या पावडरीचं दूध. माझ्या नातवानं सगळे शर्ट असेच केलेत. हा लवकर जायचा नाही हं. कुणाचा आहे?"

"घरचाच," मी म्हटलं, आणि ॲप्रन काढून निघाले.

भर दुपारी मी दारात उभी राहिले तेव्हा आई स्वयंपाकघरात पाठमोऱ्या उभ्या होत्या. मुलगी पाळण्यात पाय मारत होती. ओट्यावर पावडरीचा डबा उघडा होता आणि आईंच्या हातात माझी कालची बाटली होती. त्या ती बेसिनमध्ये ओतत होत्या. घाईनं नाही. संपेपर्यंत धरून.

"आई."

बाटली हातातून पडली नाही. त्यांनी ती नीट उपडी ठेवली, हात पुसले आणि मग वळल्या.

"तुला सांगणार होते गं."

"कधीपासून?"

"तू कामाला लागलीस तेव्हापासून. मग काय करू मी? तू त्या गोळ्या घेतेस. तुला गरज आहे, मी नाही म्हणत नाही. तू घे, बरी हो. पण एवढ्याशा जिवाला कशाला ते? म्हटलं, हिलाही दुखवायला नको, पोरीलाही गोळीचं दूध नको. घरात भांडण नको. गुपचूप करावं."

"मी गोळ्या घेत नाही, आई."

"काय?"

"तुम्ही म्हणालात ना, पोटात जातं तेच ओठात. तेव्हापासून नाही घेतल्या. थुंकते मी त्या."

त्यांनी बेसिनकडे पाहिलं. भोकाशी थोडं पांढरं राहिलं होतं.

"म्हणजे हे सगळं..."

"चांगलं होतं. आणि गोळी घेत असते ना, तरी चांगलंच होतं. डॉक्टरीणबाईंनी तुमच्या समोर सांगितलं होतं. आपल्या दोघींच्या समोर."

मला ओरडायचं होतं. डबा खिडकीतून भिरकावायचा होता. पण राग यायलासुद्धा अंगात काहीतरी लागतं. मी जमिनीवर बसले, आणि त्या दुपारी दुकानात वाफेसमोर काय मनात आलं होतं तेही सगळं सांगून टाकलं. आई माझ्या शेजारी खाली बसल्या. त्यांचे गुडघे दुखतात, खाली बसलं की उठवत नाही, तरी बसल्या. माझा हात घट्ट धरून ठेवला, मी कुठे निघालेच होते अशा थाटात. मग त्यांनीच माझा फोन मागून घेतला आणि मुलाला म्हणाल्या, "काम टाक आणि घरी ये. आत्ताच्या आत्ता. बाळ ठीक आहे. हिच्यासाठी ये." त्याच्यानंतर डॉक्टरीणबाईंना लावला आणि काही न लपवता सांगितलं, स्वतःचंसुद्धा. पलीकडून काय बोलणी बसली कोण जाणे, त्या नुसत्या "हो, चुकलं" म्हणत राहिल्या. गोळी आजपासून परत सुरू करायची होती, संध्याकाळी तिघांनी दवाखान्यात यायचं होतं, आणि तोवर मला एकटीला सोडायचं नव्हतं.

"आणि दूध?" मी विचारलं. "परत येईल का, विचारा ना."

आईंनी विचारलं. ऐकून घेतलं. "लावून बघत राहा म्हणतायत. येईलही. पण नक्की सांगता येत नाही."

मुलगी भुकेनं रडायला लागली. मी तिला उचलून अंगाशी लावलं. तिनं जरा चाचपलं, काही मिळालं नाही, आणि तोंड फिरवलं. तिला माझ्याबद्दल काहीच कळलेलं नव्हतं. तिला बाटली हवी होती. आईंनी पावडर कालवली. थोडी ओट्यावर सांडली. बाटली त्यांनी माझ्याच हातात दिली.

मुलगी घटाघटा प्यायली. आईंनी गोळीचं पाकीट आणि पाण्याचा ग्लास आणला, गोळी स्वतः माझ्या तोंडात घातली आणि म्हणाल्या, "आता जीभ उचल. दाखव मला."

मी जीभ उचलून दाखवली. गोळी पोटात गेली होती. आता दूधच नव्हतं; तिच्यातलं काही लेकराच्या ओठात जायची भीती कुणालाच नव्हती.