शेवटच्या तासाचं पाणी

सहा वर्षांपूर्वी एका प्रशिक्षणात शेवटी सूचनांचा कागद वाटला होता. बाकीच्यांनी 'जेवण चांगले होते' असं लिहून बस गाठली. मी मात्र पाठपोट लिहिलं की पर्यावरण धोरणात नुसतं नावाला नको, त्याला रोज स्वतःचा तास द्या. सरकारी काम आणि सहा महिने थांब म्हणतात. मी सहा वर्षं थांबले. यंदा जानेवारीत परिपत्रक आलं. देशभर शाश्वततेला अग्रक्रम, रोजचा शेवटचा तास तिचाच. हे माझ्या कागदानं झालं असं मानण्याइतकी मी खुळी नाही, पण त्या दिवशी घरी शिरा केला होता हे खरं.

आमची शाळा तामलवाडीच्या पुढं, माळावर. एकतीस पोरं, मुख्याध्यापक शरणबसप्पा सर आणि मी. आमच्याकडं शेवटचा तास आधीपासून झाडांचाच होता, कुठल्या कागदावर नसला तरी. बाटलीत उरलेलं आणि खिचडीची ताटं धुतलेलं पाणी पोरं आपापल्या झाडाला घालायची. स्वयंपाक करणाऱ्या कस्तुराबाई ते दोन बादल्यांत धरून ठेवायच्या आणि कुणी सांडलं तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायच्या. प्रत्येक पोराचं एक झाड. चौथी झाली की एक मेला, निकालाच्या दिवशी, ते पहिलीत येणाऱ्या पोराच्या हवाली करायचं.

नव्या तासात आधी व्हिडिओ, मग मोबाईलवर प्रत्येकाची चाचणी, आणि शाळा सुटली की लगेच उत्तरं वर पाठवायची. झाडांचा तास त्यातच गेला. पहिल्याच आठवड्यात सृष्टीनं मला अडवलं. ही चौथीतली, लांबच्या वस्तीवरून टमटमनं येणारी, करंजाच्या झाडाची मालकीण. प्रश्न होता, पाणी वाचवण्यासाठी तुम्ही काय कराल? खाली चार उत्तरं दिलेली.

"बाई, ताटाचं पाणी झाडाला घालू, हे कुठंय ह्यात?"

"ते न्हाय त्यात. दात घासताना नळ बंद करू, त्यावर बोट ठेव."

"पण आमच्याकडं नळच न्हाय."

"तरी ठेव."

तिनं ठेवलं, पण बाकीची उत्तरं स्वतःच्या डोक्यानं दिली आणि वीसपैकी सहा मिळवले. इतरांचंही तसंच झालं. शाळा केंद्रात तळाला गेली आणि केंद्रप्रमुख इंद्रजित साहेब आले.

"शिवरंजनी मॅडम, तुमच्या पोरांला झाडांचं लई कळतंय. पण वर टक्केच दिसतेत," ते म्हणाले. माणूस वाईट नाही. अठरा शाळा आणि एक जुनी मोटारसायकल, एवढाच त्यांचा संसार. चहा पिऊन गेले आणि मी दुसऱ्या दिवसापासून पोरांकडून उत्तरं घोटून घ्यायला लागले.

मार्चपासून सकाळची शाळा लागली. गावातली पोरं संध्याकाळी येऊन आपल्या झाडाला पाणी घालून जायची. वस्तीवरच्या पोरांचं टमटम घंटेलाच दारात उभं असे आणि ते कुणासाठी थांबत नसे. शाळा सुटल्यावर बादल्या भरलेल्या असायच्या. कस्तुराबाईंचे गुडघे गेलेले, त्यांना उचलवत नव्हत्या. मी नेऊ शकले असते. पण रेंज फक्त गच्चीच्या जिन्यावर यायची, तिथं मी तासभर मोबाईल वर धरून उभी. खाली उतरले की अंगात त्राण नसायचं. सर म्हणायचे, उद्या घालू. मीही म्हणायचे, उद्या. शेवटी कस्तुराबाई ते पाणी दारातच ओतायला लागल्या. शिव्या द्यायच्याही त्यांनी सोडल्या, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

एप्रिल संपताना आमची शाळा केंद्रात पहिली आली. सृष्टीला वीसपैकी वीस.

एक मेला झेंडावंदन झालं, निकाल वाटायला घेतले आणि पोरं झाडांकडं पळाली. सृष्टीच्या वाट्याला अर्पिता आली होती, अंगणवाडीतून जूनला पहिलीत येणारी. सृष्टीनं तिला हाताला धरून करंजापाशी नेलं. तिथं नुसती काडी उभी होती. अर्पितानं डावीकडच्या लिंबाकडं पाहिलं, उजवीकडच्या चिंचेकडं पाहिलं.

"ह्येच कशानं वाळलं?"

सृष्टीनं एकदा माझ्याकडं पाहिलं.

"उन्हानं," ती म्हणाली.

लिंब हिरवा होता, चिंच हिरवी होती, आणि ऊन काही झाड बघून पडत नाही. नऊ वर्षांची पोर मला सांभाळून घेत होती. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

"उन्हानं न्हाय गं," मी म्हणाले. "माझ्यामुळं वाळलं. मी तुला पाणी घालायला वेळच ठेवला न्हाय."

शरणबसप्पा सर निकाल वाटायचे थांबले. सृष्टी काडीच्या बुडाची माती पायानं सारखी करत राहिली. मग अर्पिताला माझ्यापुढं सरकवत म्हणाली, "मग बाई, हिला तरी टाईम द्या."

मी व्हय म्हणाले. जूनला परिपत्रक तेच असेल, रेंज तीच आणि टमटमही तेच. पण शेवटच्या तासाला आधी बादली, टक्के मागून. शाळा तळाला गेली तर जाईल. इंद्रजित साहेब येतील, त्यांना चहा देईन.