भागीबाईचा फोन आणि चार्ज पिणारा चोर

मी एक जुना मोबाइल आहे, आणि मित्रांनो, मी कोणावरही पटकन विश्वास ठेवत नाही. माझी काच कोपऱ्यात तडकली आहे, मागचं झाकण रबरबँडने बांधलं आहे. नवा होतो तेव्हा दोन दोन दिवस चालायचो. काय कौतुक होतं माझं!

माझी मालकीण भागीबाई सुरगाण्याकडची. द्राक्षांच्या हंगामात ती पिंपळगावला येऊन शेडमध्ये पेट्या भरते. शेडमध्ये प्लगचा बोर्ड एकच, म्हणून सगळ्या बायकांचे फोन सकाळी एका क्रेटमध्ये चार्जिंगला पडतात. त्या गर्दीत मी एक डोळा उघडाच ठेवायचो.

भागीबाईच्या लेकीला, ज्योत्स्नाला, नववा महिना भरत आला होता. तिच्या पाड्यावर रेंज नाही. जावई रोज टेकडी चढून बरोबर चार वाजता फोन लावायचा. चारला मी जिवंत असणं एवढंच माझं काम होतं.

पण जेवायच्या सुट्टीत बघावं तर मी जेमतेम पस्तीस टक्के! आईशप्पथ, मी नुसता पडून होतो. मग माझा चार्ज पितंय कोण?

क्रेटजवळच्या टेबलावर इन्शा पेट्या भरायला बसायची. भागीबाईचा संशय तिच्यावर गेला.

"माझी पिन काढून तुझा फोन लावतेस ना गं?"

"कसम से मावशी, मी हात पण नाय लावला."

"मग काय उंदरांनी खाल्ला चार्ज?"

त्या दिवसापासून भागीबाईने तिच्याबरोबर जेवणं सोडलं. मलाही ती चोरच वाटायची. सारखी क्रेटकडे कशाला बघते?

माझा भरवसा एकट्या राखणदारावर होता. बॅटरी वाचवणारं हे ॲप टेम्पोवाल्या दत्तूने मोठ्या हौसेने टाकून दिलं होतं. तेही दर पाच मिनिटांनी सांगायचं, सगळं ठीक आहे.

मंगळवारी पावणेचारला मी बंद पडलो. पुढचं बायकांच्या तोंडून ऐकलं. भागीबाई रडकुंडीला येऊन माझं बटण दाबत होती, तेवढ्यात इन्शाचा फोन वाजला. हंगामाच्या सुरुवातीला माझं रिचार्ज संपलं, तेव्हा भागीबाईने इन्शाच्याच फोनवरून चार वाजता टेकडीवरच्या जावयाला फोन लावला होता. तो नंबर जावयाकडे होता.

इन्शा टेबलं ओलांडत धावली. "मावशी, घ्या! नात झाली!"

मग तिनेच मला चार्ज करून, कोणतं ॲप किती बॅटरी खातं ती यादी उघडली. राखणदार, बहात्तर टक्के! पडद्यामागे दिवसभर जागून तोच मला पीत होता. त्या मेल्या ॲपवर मी किती विश्वास टाकला होता!

"तुला नाय नाय ते बोलले गं," भागीबाईला हुंदका आला.

"बोललात खरं. आता पेढे आणा," इन्शा म्हणाली आणि तिने राखणदार काढून टाकला.

मित्रांनो, माझ्यासारख्या म्हाताऱ्याचा चार्ज उडाला, तर माणसावर आळ घेण्याआधी माझ्या पोटात काय चाललंय ते पाहा. संशयी मी अजूनही आहे. पण आता सकाळी भागीबाई मला क्रेटमध्ये टाकत नाही, इन्शाच्या हातात देते. तिथे मी दोन्ही डोळे मिटतो.